गॅदरिंगचं नाटक: गुरुजींनी लिहावं की छापील बसवावं?

खडूफळा: आमची जिल्हा परिषदेची शाळा, बीड जिल्ह्यातली. सहावी-सातवीचा मिळून पट ३१. गॅदरिंग जानेवारीत, आणि दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला. (आधीच घ्या म्हणाल, तर तेव्हा सहामाही असते.) गेल्या वर्षी छापील बालनाट्य बसवलं. राजाचं सगळं पाठ झालं आणि राजाच कर्नाटकात गेला. यंदा स्वतःच लिहितोय. एसटी स्टँडवरचा प्रसंग आहे, उतारू कितीही कमी-जास्त झाले तरी गाडी सुटते. सहकारी म्हणतात, एवढं छापून पडलंय, कशाला डोकं लावता?

तिसरी घंटा: रागावू नका, पण तालुक्याला परीक्षक म्हणून मास्तरांनी लिहिलेली नाटकं बरीच सोसली आहेत. शेवटी कुणीतरी आजोबा पुढं येतात आणि झाडं लावायला सांगतात. रत्नाकर मतकरींनी १९६२ साली बालनाट्य संस्था काढली आणि पुढं वर्षानुवर्षं मुलांसाठी लिहिलं. ते कसब एका सुट्टीत येत नाही. आणि स्टँड तर पोरं रोजच बघतात. त्यांना जरा राक्षस, चेटकीण भेटू द्या की.

दोन लेकरांची आई: चेटकिणीचंच सांगते. लेकीच्या शाळेत 'अलबत्या गलबत्या'तला एक प्रवेश होता. घरी तालीम म्हणजे यूट्यूबवर वैभव मांगले लावायचे आणि तोच आवाज काढायचा. टाळ्या पडल्या, पण नकलेला. धाकटा मागं झाड होऊन उभा होता. हात खाली घेतला म्हणून बोलणी खाल्ली.

तिसरी घंटा: तो बसवणाऱ्याचा दोष, ताई. संहितेचा नाही.

काळा कोट: छापील नाटकाला मानधन पडतं म्हणून स्वतः लिहिणार असाल, तर ते कारण बाद. शाळेच्याच कार्यक्रमात तिथलेच विद्यार्थी-शिक्षक करणार आणि बघायला पालकच असणार, तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये सूट आहे. तेच नाटक बाहेर स्पर्धेला नेलंत, तर लेखकाची परवानगी घ्या.

खडूफळा: पैशाचा प्रश्न नव्हताच. आजोबांचा टोला मात्र बसला. माझ्याही मसुद्यात शेवटी स्वच्छतेवर बोलणारा एक डेपो मॅनेजर होता, काढला. राक्षसाचं काही पटत नाही. कंडक्टर झालेलं पोरगं वर्गात तोंड उघडत नाही. मी लिहिलं होतं, "कृपया पुढे सरका." काल तालमीत ते म्हणालं, "सरक की म्होरं, मावशे! अन् शेळीचं तिकीट कुणी काढायचं?" संहितेत शेळी नव्हतीच. रात्री लिहिली. आता शेळी व्हायला चौघं तयार आहेत.

तिसरी घंटा: शेळी ठेवा. वीस मिनिटांत उरका. आणि कंडक्टर ऊसतोडीला गेला तर?

खडूफळा: जाणारच आहे. त्याची बहीण आजीकडं राहणार, तिचं सगळं पाठ आहे. फक्त शेळीच्या तिकिटाशी आली की तिला हसू फुटतं.