काहीतरी घडवणाऱ्या माणसांशी झालेल्या गप्पा: तुमचे अनुभव सांगा

एखाद्या कलाकाराला ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ असं विचारलं की तो चार वाक्यं बोलतो आणि गप्प होतो. त्यालाच ‘हा तानपुऱ्याचा भोपळा कुठून आणता?’ विचारा, मग चहा दोनदा होतो. भोपळ्यावरून शेतकरी निघतो, शेतकऱ्यावरून वडील, वडिलांवरून घरातली भांडणं आणि बाजारपेठ. सगळं आयुष्य सामानाच्या वाटेनं बाहेर येतं. मला तशा गप्पा इथं एकत्र करायच्या आहेत. छापून आलेल्या मुलाखती नकोत. तुम्ही स्वतः समोर बसून केलेलं बोलणं हवं. त्या माणसाचं नाव देऊ नका, पण गाव, काम, तुम्ही काय विचारलंत आणि उत्तर काय आलं हे नीट लिहा. कामाचे तपशील गाळू नका.

सुरुवात माझ्यापासून.

मी गाणं शिकते. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा आवाज, बिघडली म्हणून मिरजेला गेले होते. तिथली वाद्यं करणारी शिकलगार मंडळी मूळची शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारीचं काम आटत गेलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढं अख्खी गल्लीच सतार-तानपुऱ्यांची झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं वाचून गेले होते, आणि कारागिरांसमोर बसल्यावर त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

मी पट्टी सांगायला लागले तर चाचांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, “पट्टी राहू द्या. आधी सा लावा.” मी सा लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले, मग तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून हातात घेतली आणि अगदी हलक्या हातानं कानस फिरवली. तार चढवली, ऐकली, उतरवली, पुन्हा कानस. घोडीच्या पाठीला नेमका किती उतार द्यायचा हे मोजायला कुठलंच माप नसतं. तार घोडीला जराशी घासत पुढं जाते तेव्हा तो गुंजणारा आवाज येतो, आणि तारेखाली सुताचा दोरा नेमका कुठं थांबवायचा हेही कानच ठरवतो.

मी विचारलं, “हे शिकलात कसं?” ते म्हणाले, वडील जवारी काढायचे तेव्हा त्यांना नुसतं शेजारी बसवायचे. कानशीला हात लावायची परवानगी नव्हती. वडील तार छेडून एवढंच विचारायचे, “झाली का?” आणि पोरानं खरं उत्तर द्यायचं. ‘झाली’ म्हणाला आणि ती झालेली नसली, की वडील काहीच न बोलता काम बाजूला ठेवून उठायचे. वडिलांची ती शांतता फार लागायची, म्हणाले. पुढं कानस हातात आली तेव्हा हात नवशिका होता, पण कान तयार होता.

मग भोपळ्यांवर आले. पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठानं हे मोठे भोपळे घेतात. ते वेलीवरच पक्के व्हावे लागतात, नंतर महिनोन् महिने वाळवावे लागतात. पाऊस अवेळी आला की भोपळा बाहेरून चांगला दिसतो आणि आतून कुजलेला निघतो. त्यांच्या सध्याच्या खटपटीबद्दल ते फार उत्साहानं बोलले: लहान चणीच्या मुलींसाठी, म्हणजे ज्यांना मोठा तानपुरा मांडीशी धरताच येत नाही अशांसाठी, आकारानं छोटा पण खर्ज भरीव देणारा तानपुरा. दोन करून झाले होते आणि दोन्ही त्यांना पसंत नव्हते. तिसऱ्याचा भोपळा त्यांनी मला वाजवून दाखवला, नुसता, बोटाच्या टिचकीनं. “ह्याच्यात आहे,” म्हणाले.

मुळशीहून, आरोग्य कार्यकर्ती

भोपळ्यावरून सुरू करा हे अगदी पटलं. माझं सुरू झालं जात्यावरून.

आमच्या तालुक्यात जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी केलं. गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर गेल्या, त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या, हे मला माहीत होतं. त्यामुळे एका आजींचा रक्तदाब तपासताना मी सहज विचारलं, “आजी, तुम्हाला ओव्या येतात का?” त्या म्हणाल्या, “येत होत्या.” मी म्हटलं एखादी सांगा. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. एक ओळ यायची, दुसरी यायची नाही. चक्की आल्यापासून दळण नाही, दळण नाही तर ओवी कशाला सुचेल, असं त्यांचं म्हणणं.

पडवीत जातं होतं, त्यावर पाण्याची घागर ठेवलेली. मी विचारलं, घागर खाली ठेवू का? त्यांनी जात्यापाशी बसकण मारली, खुंटा धरला आणि रिकामं जातं फिरवलं. दाणा नाही, पीठ नाही, नुसती दगडाची घरघर. आणि बाई, काय सांगू, एकामागून एक ओव्या! आईच्या, भावाच्या, सासुरवासाच्या, विठोबाच्या. ओवी डोक्यात नव्हती, ती दंडात होती. मध्येच त्यांची नात शाळेतून आली, पाय धुवायला गेली, तर त्यांनी तिच्यावरच एक जोडून टाकली:

शाळंच्या वाटंवर ऊन लागतं नातीला
बाई माझा गं पदर कसा पुरल वाटंला

मी विचारलं, ही कुणाकडून शिकलात? तर म्हणाल्या, “शिकतीया कशाला, आत्ता दिसली नं ती.” मग त्या जरा मोकळ्या झाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूशी बोलायची सोय नव्हती. पहाटे जावेबरोबर जात्यावर बसलं की जे तोंडानं सांगता येत नाही ते ओवीत सांगायचं. सासू ऐकायची, पण ओवीला जाब विचारायची रीत नव्हती. एवढ्या कडक घरात बाईला हवं ते बोलायची ही एक जागा होती, आणि ती बायकांनी स्वतःच तयार केलेली.

आता नात फोनवर त्यांच्या ओव्या रेकॉर्ड करते आणि वहीत उतरवते. आजींचं त्यावर एकच सांगणं आहे: माझ्या ओव्या लिही, पण तुझी एक तरी घाल.

सिंधुदुर्गातून

थोडक्यात लिहितो. दशावताराचा खेळ पहाटे संपल्यावर देवळाच्या मागं राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, करणारे एक नट रंग पुसत बसले होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावरच उभे राहतात. मी विचारलं, समोरचा काय बोलणार ते माहीत नसताना उत्तर कसं तयार असतं? ते म्हणाले, “उत्तर तयार ठेवलंय तर नाटक मेला. समोरच्याच्या डोळ्यांत बघूचा. तेका बोलूचा आसला की दिसता.”

मग म्हणाले, वाचन मात्र रोज. दुपारी शेतातून आलं की हरिविजय नाहीतर पांडवप्रताप. पाठ करायला नाही, शब्द ताजे राहावेत म्हणून. सध्या ते कंपनीतल्या दोन नव्या पोरांना घेऊन बसतात. एकानं अर्जुन व्हायचं, एकानं कर्ण, आणि भाताच्या खळ्यात उभं राहून नुसतं बोलायचं, पेटी-पखवाजाशिवाय. पोरांना संगीताचा आधार लवकर मिळाला तर बोलणं कच्चं राहतं असं त्यांचं ठाम मत आहे. मला ते शंभर टक्के पटतं. हल्ली ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या, खेळांना गर्दी होते, पण रात्री दोन वाजता लोकांना जागं ठेवतो तो चांगला झडलेला संवादच.

डहाणूच्या बाजूनं, आश्रमशाळेतला शिक्षक

आमच्याकडं वारली चित्रं म्हटलं की जिव्या सोमा म्हसे यांचं नाव पहिलं. लग्नातल्या भिंतीवरची, बायकांनी काढायची ही कला त्यांनी रोजच्या रोज कागदावर-कापडावर काढली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला लिहायचंय ते एका बाईंबद्दल. त्या अजूनही लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, काढतात.

मी विचारलं होतं पिठाबद्दल. तांदळाचं पीठ किती पातळ करायचं? त्यांनी हात धुतले, पीठ कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि गेरूनं सारवलेल्या भिंतीवर एक रेघ ओढली. ओली असताना रेघ जेमतेम दिसत होती. “सुकली की पांढरी होईल. आता दिसत नाही म्हणून दुसऱ्यांदा ओढायची नाही.” चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. सवाशिणी चौक काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तेव्हाच ते पुरं होतं. त्या चौकाचे पैसे त्या घेत नाहीत. दुकानांसाठी साड्यांवर, फाइलींवर रंगानं काढतात त्याचे रोख घेतात, घासाघीसही करतात. या दोन कामांत त्यांच्या मनात जराही गोंधळ नाही. बाहेरून येणारे आपण मात्र ‘खरी कला कोणती’ म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहतो. त्यांनी मला सरळ विचारलं, “मास्तर, तुम्ही पगार घेता म्हणून शिकवणं खोटं आहे का?”

सध्या त्या एक लांब कापड रंगवताहेत. एका टोकाला तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच, मधे भाताची लावणी, आणि दुसऱ्या टोकाला बुलेट ट्रेनचे खांब. खांबांच्या पायाशी त्यांनी बारीक माणसं काढली आहेत, काही काम करणारी, काही नुसती बघत उभी. मी विचारलं, या उभ्या माणसांना काय वाटतंय? “ते अजून ठरलं नाही,” म्हणाल्या. “खांब पुरे होऊ देत.”

सांगोल्याकडून

माझा अनुभव वेगळा आहे, कारण गप्पा झाल्याच नाहीत. घोंगडी विणणाऱ्या एका आजोबांकडं गेलो, प्रश्नांची यादी घेऊन. ते म्हणाले, “बोलायचं नंतर. खळ गार व्हायच्या आत लावायची हाय.” चिंचोक्याची खळ होती. ताणलेल्या लोकरीच्या धाग्यांवर ते मोठ्या कुंच्यानं ती ओढत होते, एक टोक माझ्या हातात देऊन. संध्याकाळपर्यंत मी धागे धरून उभा होतो. बोलणं झालं ते एवढंच: “ताण,” “सोड,” “आता बरोबर.” या चर्चेच्या धाग्यात माझ्या अनुभवाला जागा असावी असं मला वाटतं. लोकरीला किती ओढायचं ते मला तिथं कळलं, प्रश्न विचारून कळलं नसतं.

(धागा काढणारी: नक्कीच जागा आहे. उलट तुम्ही आणखी लिहा, माग कसा होता तेही.)

अश्दोद, इस्राएलहून

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनाव गावावरूनच, कोकणातलं, जसं आमच्यात पेणकर, नागावकर, किहीमकर असतात. आईवडील साठच्या दशकात इकडं आले. घरात मराठी बोलतो, मुलं हिब्रूत उत्तर देतात.

आमच्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी कीर्तनं झाली. योसेफाची, मोशेची कथा, पण चाली आणि रचना आपल्या कीर्तनाच्या. माझ्या ओळखीच्या एक वयस्क बाई ती पदं पुन्हा लिहून काढताहेत. मी त्यांना विचारलं, कागद कुठला वापरता? कारण कागद फार जाड होता. म्हणाल्या, चित्रकलेचा, नातवंडं पानं उलटताना फाडतात म्हणून. प्रत्येक पानावर वर देवनागरी आणि खाली तेच मराठी हिब्रू अक्षरांत. ‘ळ’ला हिब्रूत अक्षर नाही, म्हणून त्यांनी तिकडच्या ‘ल’खाली स्वतःचा एक ठिपका ठरवला आहे आणि पहिल्या पानावर त्याची सूचना लिहिली आहे.

मुंबईत त्या शिवणकाम करत. इथं आल्यावर कारखान्यात लागल्या, मशीनच्या आवाजात मोठ्यानं गाता यायचं, कुणाला कळायचं नाही. पदं टिकली ती तिथं. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नैवेद्याच्या विधीच्या दिवशी, एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) स्तवन झालं आणि पोहे-खोबऱ्याचं ताट फिरलं की त्या आता मुलांकडून एक पद म्हणवून घेतात. मुलांना अर्थ अर्धाच समजतो. त्याबद्दल त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मला तरी लहानपणी कुठं सगळा कळत होता? चाल बसू दे. अर्थ विचारायला येतील.” माझा धाकटा गेल्या महिन्यात एका ओळीचा अर्थ विचारायला त्यांच्याकडं गेला होता.

आता माझी एक विचारणा. त्यांच्या वहीतल्या काही पदांवर ‘साकी’, ‘दिंडी’ असं वृत्ताचं नाव लिहिलं आहे, पण चाल त्यांना आठवत नाही. कीर्तन जाणणारं कुणी हे वाचत असेल तर साकी आणि दिंडी म्हणून दाखवाल का? मी त्यांना फोनवर ऐकवेन.

सोलापूरहून, निवृत्त शिक्षिका

अश्दोदच्या ताई, मी म्हणून पाठवते. माझे वडील कीर्तनकार होते, दोन्ही वृत्तं तोंडपाठ आहेत. फक्त पदाची पहिली ओळ लिहून कळवा, म्हणजे त्यांच्याच शब्दांवर बसवून म्हणते.