चर्चा : नवशिक्याला हार्डटेलची सक्ती कशासाठी?

उतारवेडा :
‘खडतरपंथी’ यांनी काल लिहिलेल्या लेखाचे सार असे : ट्रेलवर (डोंगरातील कच्च्या सायकलवाटेवर) नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने पहिले वर्ष हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी सोय) असलेल्या माउंटन बाइकवर, आणि पाय न अडकवता नुसता ठेवायच्या सपाट पेडलवरच काढले पाहिजे, जो थेट फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही तशी सोय असलेली सायकल, घेतो तो कौशल्य विकत घेऊ पाहतो आणि त्याला ट्रेल कधीच वाचता येत नाही. त्याखाली ‘अगदी मनातले बोललात’ अशा प्रतिसादांची रांग लागलेली पाहिली आणि गप्प बसवेना.

हार्डटेल चुकीला ताबडतोब शिक्षा करते, म्हणून ती चांगली शिक्षक, हे या मतामागचे गृहीतक आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहू. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा दबणारा चिमटा, दबतो तेव्हा हार्डटेलचे फक्त पुढचे टोक खाली बसते, मागचे जागचे हलत नाही. त्यामुळे हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) उभा होतो, आणि तोही नेमका तीव्र उतारावर, ब्रेक ओढलेले असताना. हँडलबारवरून पुढे फेकले जाण्याची भीती नवशिक्याच्या पोटात आधीच असते, तिला सायकलच दुजोरा देते. मग तो शिकतो काय? खांदे आखडायला, सीटच्या मागे लोंबकळायला आणि मागचा ब्रेक धरून ठेवायला. या सवयी पुढे मोडताना जो त्रास होतो, तो शिकवणाऱ्या कोणालाही विचारावा. फुल सस्पेन्शनची दोन्ही टोके दबतात, तोल फारसा बिघडत नाही, आणि माणसाला नजर पुढे ठेवण्याइतकी उसंत मिळते. ट्रेल वाचायला नजर मोकळी असावी लागते. दातावर दात आपटत असताना कोणी काही वाचत नाही.

शिवाय शुद्धतेची रेषा कोठे ओढायची? कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७६ साली ‘रिपॅक’ शर्यत सुरू झाली, तेव्हा मंडळी सस्पेन्शन नसलेल्या जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर उतरत होती. पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की हबमधील (चाकाच्या मधल्या तुंब्यातील) ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, हे नाव त्यावरूनच पडले. रॉकशॉक्स या कंपनीचा पहिला फोर्क बाजारात यायला १९८९ उजाडले. खडतरपणाच शिकवत असेल, तर हार्डटेलचा फोर्कही काढून टाकावा लागेल. तो मात्र लेखकांना हवा आहे, बसल्या जागी सीट खाली-वर करणारा ड्रॉपरही हवा आहे, डिस्क ब्रेकही हवे आहेत. म्हणजे त्यांनी स्वतः ज्या सुखसोयींवर सुरुवात केली तेथपर्यंतचे सारे शिक्षण, आणि त्यापुढचे सारे लाड.

सपाट पेडलबद्दल माझा वाद नाही.

खडतरपंथी :
माझ्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आपण सोयीस्करपणे गाळला आहे, म्हणून तो पुन्हा लिहितो. ठरावीक पैशात हार्डटेल घेतली तर दबण्या-उसळण्यावर ताबा ठेवणारा बरा डॅम्पर असलेला फोर्क, नीट थांबवणारे ब्रेक आणि ड्रॉपर मिळतो. तेवढ्याच पैशात फुल सस्पेन्शन घेतली तर मागचा शॉक, त्याला जोडणारे सांधे (लिंकेज) आणि बेअरिंग यांतच पैसा जातो, आणि उरलेल्यात कंपनी जे बसवते त्यावर मी माझ्या शत्रूलाही उतारावर पाठवणार नाही. ही झाली खरेदी. पुढे देखभाल आहे. फोर्कच्या खालच्या नळ्यांची आणि शॉकच्या एअर कॅनची (हवा भरलेल्या नळकांड्याची) सफाई साधारण दर ५० तासांनी करावी, असे रॉकशॉक्सची पुस्तिका सांगते. नवशिका ते करतो का? तो साखळीला तेलही घालत नाही. फ्रेमचे सांधे (पिव्हट) कुरकुरू लागले की ‘आवाज कोठून येतो’ असे विचारत फिरतो.

कौशल्याबद्दल माझे मत ऐकीव नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पहिलीच सायकल १६० मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन तेवढे दबणारी, घेतली. दगडांच्या पट्ट्यातून ते नाकासमोर जात आणि खाली पोहोचल्यावर आम्हाला रेषा (दगडांतून जाण्याची वाट) निवडण्याचे निरर्थकत्व समजावून सांगत. पुढे एका सपाट, भुसभुशीत वळणावर, जेथे सस्पेन्शनला करण्यासारखे काही नव्हतेच, त्यांचे पुढचे चाक निसटले आणि कॉलरबोन मोडले. ते पूर्वी कोठे चुकत होते, हे सायकलने त्यांना कधी कळूच दिले नव्हते.

उतारवेडा :
पैशाचा मुद्दा मान्य. तो आपण लेखात आठव्या परिच्छेदात, नैतिक उपदेश आटोपल्यावर मांडला होता, हेही नोंदवतो. बाकी त्या गृहस्थांबद्दल वाईट वाटले, परंतु भुसभुशीत वळणावर पुढच्या चाकावर वजन नसेल तर हार्डटेलचे चाकही तसेच निसटते. आपण स्वतःच म्हणता की तेथे सस्पेन्शनला काही काम नव्हते. मग दोष सस्पेन्शनचा कसा?

वाराकमी :
उभय पक्षांनी एवढे लिहिले आणि टायरच्या दाबाचा उल्लेख कोणीही केला नाही, याचे नवल वाटते. दुकानातून आलेली सायकल ३५ पीएसआय दाबावर चालवणारे लोक ‘हार्डटेल फार उडवते’ अशी तक्रार करतात. ट्यूबलेस करून, २.४ इंची टायरमध्ये आपल्या वजनाप्रमाणे विशीतला दाब ठेवावा, आतले सीलंट (भोके बुजवणारा द्रव) वाळले आहे का हे दोन-तीन महिन्यांनी पाहावे आणि मगच सस्पेन्शनवर भांडावे. निम्मे भांडण तेथेच मिटेल.

जुनाहब :
टायर बदलाल, पण चाक कोणते आणि हब कोणता? माझी २६ इंची सायकल ठणठणीत असताना उद्योगाने आधी २९, मग २७.५ आणली, आणि आता पुढे २९ व मागे २७.५ अशी खिचडी विकतो. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती, ती १४२ झाली, मग १४८ झाली. तेवढ्याने समाधान न झाल्याने काहींनी १५७ काढली. सीटपोस्टचे व्यास तर मोजायलाच नकोत. नवशिक्याला कोणतीही सायकल घेऊ द्या, पाच वर्षांनी तिचे सुटे भाग मिळणार नाहीत. हाच खरा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

स्पॅनरताई :
जुनाहब, प्रत्येक चर्चेत हेच वाचून आता पाठ झाले आहे. १४८ च्या हबमुळे स्पोकचा कोन वाढतो आणि २९ इंची चाक आडव्या जोराला अधिक ताठ राहते, एवढे तरी मान्य करा. शिवाय सारे बदल वाईट नसतात. डीरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्याला लावतात तो हँगर पूर्वी प्रत्येक फ्रेमला निराळा असे; वाकला की त्या एका मॉडेलचा तुकडा शोधत हिंडावे लागे. सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ साली सर्वांना वापरता येईल असा एकच हँगर काढला आणि बहुतेक फ्रेमकर्त्यांनी तो स्वीकारला. माझ्या कामाच्या टेबलावरचा केवढा ताप त्याने कमी केला!

जुनाहब :
आणि २०२३ साली त्याच स्रॅमने असा डीरेलर काढला की ज्याला हँगरच लागत नाही, आणि जो त्या हँगरच्या मापाने घडवलेल्या फ्रेमखेरीज कशावरही बसत नाही. परोपकाराचा हेतू तेव्हा उमगला. ताठ चाकाबद्दल : होय, ताठ आहे. माझे २६ इंची चाक मुळात लहान असल्याने ते तसेही ताठच होते.

क्लीटधारी :
मूळ विषयाकडे वळतो, म्हणजे सपाट पेडलच्या त्या एका वाक्याकडे, जे उतारवेडा यांनी वादाविना गिळले. नवशिक्याने सपाट पेडलच वापरावे, हा नियम कोणी केला? दगडांच्या पट्ट्यात पाय पेडलवरून उडाल्यावर जे होते ते मी पाहिले आहे. पेडलवरच्या पिना नडगीत घुसतात आणि त्या खुणा जन्मभर राहतात. क्लिपमध्ये, म्हणजे बुटाच्या तळाची क्लीट पेडलमध्ये अडकते तेव्हा, पाय जागेवर राहतो, चढावर लय मिळते, आणि पाय कोठे ठेवायचा हा विचारच उरत नाही. शिमानो कंपनीचे एसपीडी हे पाय अडकवायचे पेडल १९९० साली आले. तेव्हापासून क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत कोण सपाट पेडल वापरतो ते सांगा.

खडतरपंथी :
उतारांच्या शर्यतीत कोण वापरतो ते सांगतो. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे उतारांवर वेळ मोजणाऱ्या एन्ड्युरो वर्ल्ड सीरिज या शर्यतमालिकेचे विजेतेपद त्याने सपाट पेडलवर मिळवले, आणि त्या शर्यतीत उतारांबरोबर दिवसभरातले बहुतेक चढही पायांनीच चढावे लागत. पाय उडतो कारण टाच वर असते. टाच खाली, गुडघे सैल, वजन पायांत : हे आले की पाय उडत नाही. क्लिप ही चूक झाकते. बनी हॉपमध्ये (दोन्ही चाके उचलून मारायच्या उडीत) तर उघडच फसवणूक होते. मागचे चाक पायाने ओढून उचलले जाते, आणि स्वार समजतो की उडी आली.

क्लीटधारी :
सॅम हिलचे नाव निघणार हे ठाऊकच होते, नेहमी तेच निघते, कारण दुसरे नाव चटकन आठवत नाही. त्याच मालिकेत त्याच्या मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांच्या पायांना क्लीट होती. तीही सारी मंडळी चुका झाकत होती काय? एका असामान्य माणसावरून नवशिक्यांसाठी नियम काढायचा, तर मग त्याच्यासारखे गुडघेही वाटावे लागतील.

मोकळेपाऊल :
क्लीटधारी, ‘पाय कोठे ठेवायचा हा विचारच उरत नाही’, हे आपण किती निश्चिंतपणे लिहिता! माझ्या क्लीटच्या दोन बोल्टपैकी एक ट्रेलवर गळून पडला. मला त्याचा पत्ता नव्हता. चढावर वेग संपला, मी टाच बाहेर वळवली. बूट वळला, क्लीट त्या उरलेल्या बोल्टभोवती फिरत राहिली आणि पेडलने काही सोडले नाही. मी सायकलसकट दरीच्या बाजूला आडवी झाले. एका झुडपाने धरले म्हणून आज येथे लिहिते आहे. बूट पेडलवरच ठेवून, लेस सोडून पाय काढावा लागला. अशा वस्तूवर नवशिक्याला बसवण्याची शिफारस करणारा माणूस एकतर कधी पडला नसावा किंवा इतरांच्या पडण्याचे त्याला सोयरसुतक नसावे.

क्लीटधारी :
माझ्या हेतूंवर बोलण्याचे कारण नव्हते. बोल्ट न तपासणे हा पेडलचा दोष नाही. सपाट पेडलची पिन गळाली तर आपण पेडलच्या जातीला शिव्या देता का? बोल्टला थोडे लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून ठरावीक टॉर्कने आवळले असते, तर झुडपाचे उपकार घ्यावे लागले नसते.

मोकळेपाऊल :
पिन गळाली तर पाय पेडलला बांधलेला राहत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. उपदेशाबद्दल आभार.

स्पॅनरताई :
दोघांनीही थोडे थांबावे. एसपीडीच्या क्लीट मुख्यतः दोन प्रकारच्या येतात, हे येथे कोणी लिहिलेले नाही. पेटीत बहुधा मिळते ती एसएच ५१. ती केवळ टाच आडवी वळवली की सुटते. एसएच ५६ वरच्या दिशेने तिरके खेचले तरी सुटते. नवशिक्याने ५६ लावावी आणि पेडलचा स्प्रिंग सर्वांत सैल ठेवावा. बोल्ट गळाल्यावर मात्र कोणतीही क्लीट फिरतच राहते, तेथे मोकळेपाऊल यांचे म्हणणे खरे आहे. दुरुस्तीला येणाऱ्या बुटांमध्ये सैल बोल्ट मला वरचेवर सापडतात, आणि मालकाला त्याची गंधवार्ता नसते.

क्लीटधारी :
५६ सैल असते. जोरात खेचले की नको तेव्हा सुटते. तरीही नवशिक्यापुरती चालेल, असे म्हणू. ‘पहिले काही आठवडे सपाट’ एवढ्यावर मी येईन. ‘पहिले वर्ष’ यावर कदापि नाही.

चिखलवैरी :
पेडल कोणतेही असो, ओल्या मातीत मागचे चाक लॉक करून घसरत उतरणाऱ्यांबद्दल कोणी काही बोलणार आहे का? चिकणमाती ओली असताना टायरने पडलेली चर वाळल्यावर तशीच घट्ट होते, पुढचे पाणी त्याच चरीतून वाहते आणि ट्रेलचा ओढा होतो. आम्ही फावडी घेऊन जे बुजवतो, ते आपण ‘कौशल्य’ शिकताना उकरता. हार्डटेलचे मागचे चाक दगडांवर उड्या मारते, जमिनीवरची पकड सुटते आणि ब्रेक ओढलेला असला की ते चटकन लॉक होते. म्हणून हार्डटेलवाल्या नवशिक्यांच्या वाटा मला लगेच ओळखू येतात. या एका कारणासाठी मी उतारवेडा यांच्या बाजूने आहे, बाकी कोणत्याही कारणासाठी नाही.

खडतरपंथी :
म्हणजे आता ट्रेलची धूपही हार्डटेलमुळे होते. उत्तम. पाऊस पडल्यावर दोन दिवस घरी बसावे, हे कोणत्याही सायकलच्या मालकाला लागू आहे, आणि घसरवत नेण्याची हौस १६० मिलिमीटरवाल्यांनाच अधिक असते, हे आपणही वळणांवर फावडे मारताना पाहिले असेलच.

चिखलवैरी :
पाहिले आहे. ते वेगात येऊन उकरतात, आपले शिष्य घाबरून उकरतात. खड्डा सारखाच खोल असतो.

उतारवेडा :
खडतरपंथी, एवढ्या गदारोळात माझा प्रश्न तसाच राहिला, म्हणून सरळ विचारतो. एकाच्या आवाक्यातला ट्रेल मातीचा, बर्मचा (उंच कडेच्या वळणांचा), गुळगुळीत आहे. दुसऱ्याचा ट्रेल म्हणजे मुळे आणि मोकळे दगड. एक विशीतला, दुसऱ्याची पाठ पन्नाशीची. दोघांनाही ‘पहिले वर्ष हार्डटेल’ हेच सांगणार का? पहिल्याला मीही हार्डटेलच सुचवीन. दुसरा त्या दगडांवर हार्डटेल घेऊन गेला तर अर्ध्या वाटेत मनगटे आणि कंबर थकतात, शेवटच्या उतारावर तो दमलेल्या अंगाने उतरतो, आणि तेथेच पडतो. असे पडून ज्यांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली ती कायमची, असे लोक मला ठाऊक आहेत. आपल्या शाळेच्या निकालात त्यांची गणती कधीच होत नाही, कारण निकाल जे टिकले तेच सांगतात.

खडतरपंथी :
पन्नाशीच्या पाठीसाठी मी लेख लिहिला नव्हता, परंतु आपण तिला साक्षीला उभे केलेच आहे, तर तिला सूट देतो. लेखातील वाक्य असे बदलतो : ‘ठरलेल्या पैशात मिळणाऱ्या फुल सस्पेन्शनला बरा फोर्क, चार पिस्टनचे ब्रेक आणि ड्रॉपर नसेल, तर नवशिक्याने हार्डटेल घ्यावी.’ ज्याच्याकडे याहून अधिक पैसा आहे त्याने काय घ्यावे, हे सांगायला त्याला माझी गरज नाही. विक्रेते पुरेसे आहेत. सपाट पेडलचे वाक्य जसेच्या तसे राहील.

उतारवेडा :
चार पिस्टनचा आग्रह अनाठायी आहे. हलक्या वजनाच्या माणसाला दोन पिस्टन आणि १८० मिलिमीटरचे रोटर (ब्रेकच्या चकत्या) पुरतात. बाकी वाक्य चालेल.