कॅस्पेजचं मॉडेल: पेशी जगतच नाही, दरवेळी मरते. मदत हवी आहे

दरस्थिरांक
पेशीचा नियोजित मृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेज-८ आणि कॅस्पेज-३ या विकरांचं साधं मॉडेल लिहिलंय. सक्रिय ८ हे ३ ला सक्रिय करतं, सक्रिय ३ उलटून ८ ला. सक्रिय ३ ला जोडून अडवणारं आयएपी हे प्रथिन घातलंय. छोट्या उद्दीपनाला पेशी जगली पाहिजे, मोठ्याला मेली पाहिजे, म्हणजे दोन स्थिर अवस्था हव्यात. पण किंचित डोस दिला तरी पेशी मरतेच, फक्त उशिरा. आयएपी वाढवलं की आणखी उशिरा. समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर बदलून झाला, फरक नाही. गाईडना लवकर दाखवायचंय. नेमकं काय अडतंय?

काठावरचा
समीकरणं कुठे आहेत? आकडे रेणू प्रति पेशी की नॅनोमोलर? निष्क्रिय कॅस्पेजची निर्मिती आणि ऱ्हास घातलाय का? तो नसेल तर 'स्थिर अवस्था' या शब्दालाच अर्थ उरत नाही.

मॅटलॅब_मित्र
मॅटलॅबचा ओडीई४५ सॉल्व्हर वापरताय ना? ही समीकरणं स्टिफ असतात, म्हणजे त्यातले वेग एकमेकांपेक्षा फार वेगळे. ओडीई१५एस घ्या, टॉलरन्स कमी करा. माझ्याकडे कॅस्पेजचे आकडे चक्क ऋण व्हायचे, त्यातून सगळं बिघडायचं.

दरस्थिरांक
सॉल्व्हर बदलला असं वर लिहिलंय. निर्मिती-ऱ्हास आहे, ते उघड आहे. रेणू प्रति पेशी, वेळ मिनिटांत. निष्क्रिय ८: १ लाख, निष्क्रिय ३: २० हजार, आयएपी ४० हजार. ८ कडून ३ चा दर ०.००००५, ३ कडून ८ चा ०.००००१. सक्रिय दोघांचा ऱ्हास ०.००६. आयएपी जोडण्याचा दर ०.०००५.

निळी_शाई
हिल फलन (एस-आकाराचा प्रतिसाद देणारं सूत्र) घाला, घात ४. लगेच दोन अवस्था मिळतील. मी नेहमी तेच करते.

काठावरचा
मिळतील, कारण हिल फलनाचा शून्यापाशी उतारच शून्य असतो. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं झालं. घात ४ आला कुठून, हे गाईड विचारणारच.

निळी_शाई
प्रत्येक वेळी तसं नसतं. बॅक्स या प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला छिद्र पाडतात. अपोप्टोसोम या कॅस्पेज सक्रिय करणाऱ्या प्रथिनसंचात अपाफ-१ चे ७ रेणू असतात. तिथे सहकार्य खरंच आहे, घाताला आधार आहे.

काठावरचा
तिथे आहे, मान्य. यांच्या मॉडेलमध्ये मायटोकॉन्ड्रियाच नाही.

विकलक
आकडे दिलेत ते बरं झालं, आता हिशोब करता येतो. सगळं शून्याजवळ आहे असं धरा. एक सक्रिय ८ मिनिटाला ०.००००५ × २०,००० = १ सक्रिय ३ तयार करतो. एक सक्रिय ३ मिनिटाला ०.००००१ × १,००,००० = १ सक्रिय ८ तयार करतो. ऱ्हास ०.००६ म्हणजे प्रत्येकाचं सरासरी आयुष्य सुमारे १६७ मिनिटं. म्हणजे आयएपी नसताना एका सक्रिय ८ पासून एका फेरीत १६७ × १६७, जवळपास २८ हजार सक्रिय ८. हा आकडा १ च्या खाली आल्याशिवाय जिवंत अवस्था स्थिर होणार नाही. साथीच्या रोगात एक रुग्ण किती जणांना लागण करतो ते मोजतात, तसंच हे.

आता आयएपी. जोडण्याचा वेग ०.०००५ × ४०,००० = २० प्रति मिनिट. कॅस्पेज-३ एकदा अडकला की सुटतच नाही, असं उदार होऊन धरलं तरी त्याचं आयुष्य ०.०५ मिनिट, आणि तेवढ्यात तो ०.०५ सक्रिय ८ तयार करतो. गुणिले १६७ केलं की ८.३. अजून १ च्या वरच. एकट्या आयएपीने हे आवरत नाही.

पण तुमच्याकडे आयएपी आणि कॅस्पेज-३ ची जोडी सुटते का? आणि जोडीचा ऱ्हास होतो का?

फ्लो_वाली
पेशी मेली हे ठरवताय कसं? ॲनेक्सिन-व्ही आणि पीआय ही मरणाऱ्या पेशी ओळखायची रंजकं एकत्र लावा. फक्त पीआय लावलं तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशी निसटतात, कारण पटल अजून शाबूत असतं. डाग लावल्यावर नमुने ताटकळत ठेवू नका.

दरस्थिरांक
@फ्लो_वाली हे संगणकावरचं मॉडेल आहे, नमुने नाहीत.
@विकलक जोडी सुटते, दर ०.२. जोडीचा ऱ्हास नाही घातला. जोडी निष्क्रियच असते, मग गरज काय?

विकलक
सगळी गरज तिथेच आहे. ऱ्हास नसेल तर अडकलेला कॅस्पेज-३ नष्ट होत नाही, फक्त लपतो. सुटून पुन्हा कामाला लागतो आणि त्याची सक्रिय असण्याची एकूण मिनिटं १६७ च राहतात. म्हणून तुमच्याकडे आयएपी वाढवल्यावर मृत्यू लांबतो, टळत नाही. जोडीचा ऱ्हास ०.०२ धरा. मग कॅस्पेज-३ कायमचा जाण्याचा वेग २० × ०.०२ / ०.२२, म्हणजे सुमारे १.८.

शिवाय सक्रिय ८ ला अडवणारा घटकही लागेल. २००४ मध्ये आयसिंग आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. वास्तवातले दर घेतले तर फक्त आयएपीवर जिवंत अवस्था टिकत नाही, सक्रिय कॅस्पेज-८ लाही आवर हवा, असा त्यांचा निष्कर्ष. तिथेही तसेच दर घेतले तर प्रत्येकी १/१.८, गुणाकार सुमारे ०.३. झालं काम.

निळी_शाई
मग फ्लिप हे प्रथिन घाला. ते सगळ्यांना माहीत आहे.

काठावरचा
फ्लिप रिसेप्टरपाशी ८ ला सक्रिय होण्यापासून रोखतं. इथे फीडबॅकमधून आधीच सक्रिय झालेला ८ आवरायचाय. बार किंवा कार्प ही त्याला अडवणारी प्रथिनं घ्या.

कृमीप्रेमी
नियोजित पेशीमृत्यूची गोष्ट सी. एलेगन्सशिवाय पुरी होत नाही. त्या कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ मरतात. प्रत्येक वेळी त्याच! २००२ चं नोबेल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना याच कामासाठी मिळालं. असला काटेकोरपणा मॉडेलमध्ये आणून दाखवा.

मॅटलॅब_मित्र
एवढं कशाला? सॉर्गर या संशोधकाच्या गटाचं, ट्रेल या मृत्यूचा संकेत देणाऱ्या प्रथिनावरचं मोठं मॉडेल तयार आहे, पायथनमध्येही चालतं. ते उतरवून घ्या.

काठावरचा
त्यात पन्नासच्या वर समीकरणं आहेत, आणि ते हेला या प्रयोगशाळेतल्या मानवी कर्करोग-पेशींचं, म्हणजे टाइप २. तिथे झटका मायटोकॉन्ड्रियाच्या पायरीवर येतो. यांचं मॉडेल टाइप १ चं, कॅस्पेज-८ थेट ३ ला पुरेसं पडतं असं. की तेही गृहीतच धरलंय? @दरस्थिरांक पेशी कुठली?

दरस्थिरांक
टाइप १ च.
जोडीचा ऱ्हास आणि बार दोन्ही घातले. छोटा डोस विझतो, मोठा पेटतो. मधला डोस दिला की आलेख बराच वेळ सपाट राहतो आणि मग एकदम उभा चढतो. @विकलक खूप आभार.
पण आता एका डोसला सगळ्या पेशी एकाच क्षणी मरतात. प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि माझ्याकडच्या मोजमापातही नाही. स्टोकॅस्टिक, म्हणजे योगायोग धरून, करावं लागेल का?

निळी_शाई
हो, गिलेस्पीची पद्धत. रेणू मोजूनच करा.

विकलक
इथे रेणू हजारोंनी आहेत, त्या योगायोगाने फार फरक पडणार नाही. फक्त उंबरठ्याजवळ सक्रिय रेणू मोजकेच असतात, तिथे पडेल. आधी हीच समीकरणं ठेवून प्रत्येक पेशीचे सुरुवातीचे प्रथिनांचे आकडे लॉग-नॉर्मल वितरणातून उचला. स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की नुकत्याच विभागलेल्या बहिणी-पेशी जवळपास एकाच वेळी मरतात आणि विभाजनाला जितका वेळ उलटला असेल तितकं हे साम्य ओसरतं. म्हणजे फरकाचा मोठा वाटा आधीपासून असलेल्या प्रथिनांच्या प्रमाणात आहे.

काठावरचा
आणि 'माझ्याकडचं मोजमाप' म्हणजे काय, ते अजून सांगितलेलं नाही. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं मोजायची चाचणी) असेल तर तो लाखो पेशींचा एकत्रित आकडा. प्रत्येक पेशी वेगळ्या वेळी झटक्यात मेली तरी त्यात संथ चढच दिसतो. मॉडेलमधली एक पेशी त्या चढावर बसवायला जाल तर दर चुकीचे निघतील. एकेका पेशीचं मोजमाप आहे का तुमच्याकडे?