तलावाकाठच्या बग्ग्या बंद करायच्या आहेत, पण घोड्यांचं आणि गाडीवाल्यांचं पुढे काय? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

आमचं शहर जिल्ह्याचं ठिकाण आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मधोमध तलाव, संध्याकाळी भेळेच्या गाड्या, फुगेवाले, आणि गेल्या पाचेक वर्षांत वाढत वाढत आता अकरा बग्ग्या झाल्यात. एलईडीच्या माळा, प्लास्टिकची फुलं, मागे स्पीकर. एका फेरीचे दीडशे रुपये. मुलाला घेऊन मी स्वतः दोनदा बसलेय, ते लपवत नाही.

मागच्या मे महिन्यात साडेचारच्या सुमाराला आमच्या डोळ्यांसमोर एक घोडी डांबरावर कोसळली. कपाळावर पांढरा टिळा असलेली, लाल रंगाची. गाडीत सात माणसं होती, मी मोजली. साज सुटेना, दोन दांड्यांच्या मध्ये ती आडवी पडलेली, पाय झाडत होती आणि लोक उतरून व्हिडिओ काढत होते. गाडीवाला तिच्या डोक्यावर बाटलीनं पाणी ओतत होता आणि ओतता ओतता रडत होता, ते मला अजून विसरता येत नाही. वीसेक मिनिटांनी ती उठली. आणि त्याच रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतून वरात गेली तेव्हा बग्गीला तीच घोडी होती, टिळ्यावरून ओळखली.

त्यानंतर आम्ही नऊ जणी एकत्र आलो, सहाशेच्या वर सह्या गोळा केल्या, निवेदन द्यायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, हे आमच्याकडे येत नाही, पोलिसांकडे जा, पोलीस म्हणाले प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. आता कुठून सुरुवात करावी? मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे तिथल्या घोडागाड्या, बंद झाल्या त्या नेमक्या कशा? आणि दुसरं, अकरा बग्ग्यांमागे अकरा घरं आहेत, त्यातल्या एकाची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात आहे, रोज शाळेच्या फाटकाशी तिची आई भेटते. तिला मी काय सांगू?

गिरगावकरीण

रानजाई, मी वकील नाही, पण मुंबईचं सगळं जवळून पाहिलंय, आमच्या घरापासून चौपाटी चालत दहा मिनिटं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मुंबईत 'घोड्यांवर दया करा' एवढ्यावर काम झालं नाही, परवान्याच्या धाग्यावरून सगळं उसवलं. व्हिक्टोरियाला परवाना मिळायचा तो १९२० च्या पब्लिक कन्व्हेयन्सेस कायद्याखाली, म्हणजे लोकांना इथून तिथे नेणारं वाहन म्हणून. आता मरीन ड्राइव्हवर किंवा गेटवेला चंदेरी पत्रा लावलेल्या गाडीत बसून कोणी कामाला जात होतं का? ती नुसती मौजेची फेरी होती. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टची जनहित याचिका हायकोर्टात होती, त्यावर न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं ८ जून २०१५ ला निकाल दिला की मौजेखातर घोडागाड्या चालवणं बेकायदा आहे, आणि बंद करायला एक वर्ष दिलं. तबेल्यांनाही महापालिकेचा परवाना लागतो तो मुद्दा त्यात होताच.

म्हणून तुमचं पहिलं काम सह्या नाही, माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात एवढंच विचारा की तलावाकाठी किती घोडागाड्यांना परवाना आहे, तो कुठल्या कायद्याखाली दिला, तबेल्याला परवानगी आहे का, घोड्यांची शेवटची तपासणी कोणी आणि कधी केली. तोंडी विचारलं की टेबलं फिरवतात, लेखी विचारलं की कुणाला तरी सही करून उत्तर द्यावंच लागतं, अगदी 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं तरी तो कागद तुमच्या कामाचा.

आणि जिल्ह्याला प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, पण असते. पत्र तिथे द्या, पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहिते, आत्ता स्वयंपाक राहिलाय.

खूरवैद्य

मी पशुवैद्यक आहे, कोकणात, बैलांचं काम जास्त पण किनाऱ्यावरच्या घोडागाड्यांचे घोडेही बघतो.

ताई, तुम्ही जे पाहिलं ते नुसतं चक्कर येऊन पडणं नाही. घोडा माणसासारखा किंवा कुत्र्यासारखा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो, त्यामुळे रहदारीत उभा असतो तेव्हा सायलेन्सरच्या उंचीवर नाक धरून उभा असतो असं समजा. तो घाम गाळून अंग थंड करतो, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही भराभर जातं, आणि पाणी कमी पडलं की पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वर येऊ शकत नाही, म्हणून घोड्याचा पोटशूळ म्हणजे जिवावरचं दुखणं, रात्रीतून घोडा जातो. बरं त्याचं पोट लहान आणि आतलं आम्ल सारखं झिरपत असतं, त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं, पण बग्गीच्या घोड्याला सकाळी चंदी, म्हणजे दाणा, आणि मग एकदम रात्री तोबरा, म्हणजे तोंडाला बांधलेली दाण्याची पिशवी, मध्ये आठ तास उपाशी उभा. अल्सर होणारच. डांबरावर नाल घसरते ते वेगळंच.

नियम आहेत हो. ओढकामाच्या जनावरांचे १९६५ चे केंद्राचे नियम. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, जिथे ३७ अंशांच्या वर पारा जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही, गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं, काटेरी लगाम वापरायचा नाही. तुमच्या गाडीत सात होती. पण दंड विचाराल तर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. दीडशेची एक फेरी आणि पन्नासचा दंड. मी दोनदा पंचनाम्याला गेलोय आणि दोन्ही वेळेला मालकानं खिशातून नोट काढून दिली आणि घोडा परत जुंपला, त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

सरळमार्गी

मला वाटतं बंदीची भाषा टोकाची होतेय. डॉक्टरांनी सांगितले ते नियम नीट पाळायला लावले, दुपारी बंद, चारच माणसं, महिन्याला तपासणी, एवढं झालं तर चालेल की. घोडा हजारो वर्षं माणसाबरोबर काम करतोय. माथेरानला तर घोड्याशिवाय चालत नाही.

खूरवैद्य

सरळमार्गी, माथेरानला मोटारींना बंदी आहे, घोड्याच्या समोरून डंपर येत नाही आणि पायाखाली डांबर नाही. तिथले प्रश्न आहेत पण ते वेगळे. इथे आपण हॉर्न, डीजे आणि सिग्नल यातल्या घोड्याबद्दल बोलतोय, ज्याच्या डोळ्यांना झापडं लावलेली असतात कारण ती काढली तर तो आजूबाजूचं बघून उधळेल. तपासणीचं म्हणाल तर माझ्या तालुक्यात मी एकटा आणि जनावरं काही हजार, महिन्याला प्रत्येक घोडा बघणार कोण? जो नियम पाळला जातोय की नाही हे बघायला माणूसच नाही त्या नियमाच्या भरवशावर मी घोडा सोडणार नाही.

मिरजेचा नातू

हा धागा काल रात्रीपासून चार वेळा वाचला. आधी राग आला होता, खरं सांगतो. माझे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. गाडीतून उतरलेले पेशंट दवाखान्यात पोचवायचे, रात्री दोनला कोणी दार वाजवलं तरी जुंपायचे. पहाटे उठून आधी खरारा, मग वैरण, मग भिजवलेले हरभरे, आणि घोड्यानं खाल्ल्याशिवाय स्वतः भाकरी मोडायचे नाहीत. त्यामुळे टांगेवाला म्हणजे क्रूर असं कोणी लिहिलं की मला लागतं.

पण रानजाई, तुम्ही तसं लिहिलं नाहीत, तो रडत होता हे तुम्ही लिहिलंत, म्हणून बोलतोय. तुमच्याकडे बग्गीचा मालक आणि हाकणारा एकच आहे का ते बघा. आमच्या इकडे वरातीच्या बग्ग्या आहेत त्यात मालक वेगळा, तो दिवसाचा ठरलेला आकडा घेतो, घोडा पडला काय नि पाऊस पडला काय, आकडा द्यायचाच. मग हाकणारा सात माणसं बसवतो, दुपारी जुंपतो आणि रात्री वरातही घेतो. त्याला शिव्या घालून काही होणार नाही, तो आकडा कोण घेतोय ते शोधा.

आणि आता जे लिहितो ते घरच्यांशीसुद्धा फार बोललो नाही. रिक्षा आल्या, टांगा बंद पडला, कोणी बंदी घातली नव्हती, धंदाच संपला. आजोबांनी घोडा बाजारात विकला. कोणी नेला, कुठे नेला, काय झालं त्याचं, कळलं नाही. नंतर मरेपर्यंत ते बाजाराच्या बाजूनं गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे आणि विचारलं तर म्हणायचे तिकडे ऊन लागतं. म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, निवेदनात 'घोडागाड्या बंद करा' याच्या आधीची ओळ अशी लिहा की हे अकरा घोडे कुठे जाणार. ती ओळ नसेल तर मी सही करणार नाही, असेल तर मी येऊन तुमच्याबरोबर बसतो.

गिरगावकरीण

नातू दादा, तुम्ही लिहिलंत तेच मला रात्री लिहायचं होतं. मुंबईत इथेच चुकलं. कोर्टानं २०१५ च्या निकालातच पुनर्वसनाची योजना करायला सांगितलं होतं. पण योजना रेंगाळली, तारखांवर तारखा, भरपाई की फेरीवाल्याचा परवाना यावर घोळ, तोवर काही जण चोरून गाड्या चालवत राहिले आणि त्या घोड्यांचे हाल आधीपेक्षा वाईट, कारण आता सगळंच लपूनछपून. विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या त्या मार्च २०२१ मध्ये, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते तेव्हा सह्याद्री अतिथीगृहावर सुरुवात झाली. निकाल २०१५ चा आणि गाडी २०२१ ला, मधली सहा वर्षं त्या माणसांनी काय खाल्लं? दिल्लीतही २०१० च्या आसपास टांगे बंद केले तेव्हा टांगेवाल्यांना विक्रीच्या जागा द्यायचं ठरलं होतं. म्हणजे हा विचार काही नवा नाही, फक्त तो आधी झाला पाहिजे, नंतर नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, नोकरी न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनमध्ये. इथलं सांगते, कारण इथे पैसा, कायदा, मीडिया सगळं असून अजून जमलेलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये नाइन्थ ॲव्हेन्यूवर रायडर नावाचा घोडा कोसळला, तो व्हिडिओ जगभर गेला, हाकणारा लगामानं मारत उठ उठ म्हणतोय असा. ऑक्टोबरमध्ये त्या घोड्याला दयामरण दिलं. त्याच्या नावानं शहराच्या कौन्सिलमध्ये घोडागाड्या बंद करायचं विधेयक आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये लेडी नावाची घोडी रस्त्यातच गेली. एवढं होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये समितीतच विधेयक पडलं. त्याआधी बिल डी ब्लाझियो तर निवडणुकीतच सांगून आले होते की महापौर झालो की लगेच बंद करतो, आठ वर्षं राहिले, नाही झालं. कारण गाडीवाल्यांची युनियन ठाम उभी राहिली, आणि तिचा प्रश्न बरोबर होता, आमच्या पोटाचं काय. मोहीमवाले घोड्याचे फोटो घेऊन उभे आणि समोर गाडीवाले मुलांचे फोटो घेऊन, मी लंच अवरमध्ये पाहिलंय, दोन्हीकडची माणसं मला खरीच वाटली.

शिकागोत जानेवारी २०२१ पासून बंद झालं. माँट्रियलनं २०१९ संपताना बंद केलं आणि घोडा कत्तलखान्यात जाऊ नये म्हणून जो मालक त्याला चांगलं घर शोधून देईल त्याला शहराकडून घोड्यामागे हजार डॉलर देऊ केले होते. नातू दादा जे म्हणतायत ते तिथे कागदावर आलं होतं.

रानजाई, अकरा ही संख्या तुमच्या बाजूची आहे. इथे परवानेच ६८ आहेत आणि घोडे त्याहून जास्त. अकरा घोड्यांचं आणि अकरा घरांचं एका गावाला करता येतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, नातू दादा तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही.

काल अर्ज टाकला, पोच घेतली. आणि शाळेच्या फाटकाशी शेवटी बोलले त्या मुलीच्या आईशी. मला वाटलं होतं भांडण होईल. ती म्हणाली, ताई, बग्गी आमची नाहीच, आम्ही दिवसाला सातशे देतो, उरतं ते आमचं, कधी कधी उलट खिशातून जातात. विजेची गाडी मिळाली तर उद्या घोडी सोडतो म्हणाली, पण ती गाडी कोण देणार आणि घोडीला कोण सांभाळणार ते लिहून द्या. टिळा असलेली घोडी त्यांच्याकडचीच. तिचं नाव चांदणी.

निवेदन परत लिहितोय आम्ही. आता सर्वात वर घोड्यांची यादी, नावासकट, मग माणसांची, मग मागणी. दुपारची जुंपणी आणि चार माणसांचा नियम लगेच लावा हे वेगळं पत्र, कारण मे महिना थांबणार नाहीये. रविवारी सकाळी आठला त्यांच्या तबेल्यावर जातेय, तिच्या नवऱ्यानंच या म्हटलं. डॉक्टर, मी काय बघू तिथे? मला घोड्यातलं काही कळत नाही.

खूरवैद्य

आधी पाण्याची बादली बघा, भरलेली आहे का आणि सावलीत आहे का. मग चारी पायांत समान वजन टाकून उभी आहे की एक पाय सारखा उचलतेय ते. साज बसतो तिथे, छातीवर आणि पाठीवर, केस गेलेत का, जखम आहे का. लीद सुकलेली, कडक गोळ्यांची असेल तर तिला पाणी कमी पडतंय. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. पायाचे फोटो मला पाठवा, मी रविवारी दुपारी मोकळा आहे.

मिरजेचा नातू

मी येतोय रविवारी. सकाळची गाडी पकडतो. जाताना भिजवलेले हरभरे न्या थोडे, हाताचा तळवा सपाट ठेवून द्या, बोटं वर करू नका.