महाविद्यालयातील स्टुडिओला कुलूप लावा म्हणणाऱ्यांना उत्तर

ध्वनिमुद्रक :
'सिद्धांतवादी' यांनी काल लिहिले की, माध्यमशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी कॅमेरे, माइक आणि संकलनाची यंत्रे यांवर खर्च करणे थांबवावे, कारण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, उरलेले व्हिडिओ पाहून शिकता येते, आणि वर्गातला वेळ सिद्धांत, कायदा आणि इतिहास यांनाच मिळायला हवा. हे मत मला इतके खटकले की दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

मी बावीस वर्षे ध्वनिमुद्रण करतो आणि अधूनमधून बहिःस्थ परीक्षक म्हणून जातो. मागच्या परीक्षेत एका विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत पाहिली. चित्र सुरेख होते, पण लेपल माइक, म्हणजे कपड्याला टोचायचा छोटा माइक, कपड्याच्या घडीत दडपला गेला होता आणि बोलणारा श्वास घेई तेव्हा प्रत्येक वेळी खरखर ऐकू येत होती. हेडफोन चित्रीकरणाच्या वेळी ट्रायपॉडला लटकलेलेच राहिले होते. त्याचे म्हणणे असे की मीटरवर लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, बरोबर दिसत होती. आवाज किती मोठा आहे एवढेच मीटर सांगते, तो कशाचा आहे हे सांगत नाही. मी त्याच्या कानाला हेडफोन लावले, मित्राच्या कपड्यावरचा माइक चार बोटे वर घ्यायला लावला, वायरीला एक सैल वळसा देऊन ती पट्टीने चिकटवायला सांगितली आणि पुन्हा बोलायला लावले. अर्ध्या मिनिटात त्याला जे उमगले, ते त्याने पूर्वी अनेक व्हिडिओंत पाहिलेले होते. पाहिले होते, पण स्वतःच्या चुकीच्या संदर्भात कधी ऐकले नव्हते.

फोनचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोन फोकस स्वतः ठरवतो, उजेड स्वतः ठरवतो आणि आवाजाची पातळीही स्वतःच वरखाली करतो. बोलणारा थांबला की पातळी आपोआप चढते आणि पंख्याची घरघर पुढे येते. माइकचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो हे पुस्तकात वाचता येते, परंतु वीतभर अंतरावरचा माइक हातभर दूर नेल्यावर खोलीचा घुमारा कसा आवाजात शिरतो, हे ज्या साधनावर ऐकू येईल ते साधन विद्यार्थ्याच्या हातात द्यावेच लागते. चूक झाकणाऱ्या यंत्रावर शिकणारा चूक ओळखायला शिकत नाही.

सिद्धांतवादी :
मी बाहेरून बोलत नाही, हे आधी नोंदवतो. मी स्वतः बीटाकॅम एसपी या जुन्या व्यावसायिक व्हिडिओ टेपवर संकलन शिकलो. दोन यंत्रे, एक कंट्रोलर, जोडण्याआधी टेप मागे नेण्याचा प्रीरोल, मध्ये दृश्य घालण्याचे इन्सर्ट आणि ओळीने जोडण्याचे असेंब्ली. दोन वर्षे बोटे त्यावर फिरली. नोकरीला लागलो तेव्हा तिथे सर्व काम संगणकावर चालले होते आणि माझे प्रमाणपत्र ज्या यंत्राचे होते ते यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले होते. पुढे २०११ मध्ये फायनल कट प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिची मांडणी इतकी बदललेली होती की मुरलेल्या संकलकांनाही सवयी मोडाव्या लागल्या. याउलट अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेला माहितीचा सिद्धांत आजही प्रत्येक फाइलच्या कॉम्प्रेशनमागे, म्हणजे ती लहान करण्यामागे, उभा आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला टिकणारे द्यावे की जुने होणारे, हा माझा प्रश्न आहे.

आणि ज्या प्रॅक्टिकलचे आपण गुणगान करता, ते प्रत्यक्षात कसे चालते? आमच्याकडे चाळीस विद्यार्थी, दोन कॅमेरे आणि दोन तास. प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. त्या सहा मिनिटांसाठी एक संपूर्ण मजला अडवला जातो आणि माध्यम कायद्याच्या तासाला वर्ग मिळत नाही.

संकलक :
टेपवरची दोन वर्षे वाया गेली, हे मला मान्य नाही. टेपवर मध्येच तीन सेकंदांचा शॉट वाढवायचा तर त्यापुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे, म्हणून तुमची पिढी कापण्याआधी विचार करायला शिकली. ती शिस्त यंत्राबरोबर कोपऱ्यात गेलेली नाही. तुमच्या लेखनातही ती दिसते.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कोणत्याच अभ्यासक्रमात दिसत नाही. माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलांना फाइल सांभाळता येत नाहीत. फोल्डरचे नाव 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल नवीन दोन'. एकदा संपूर्ण दिवसाचे चित्रीकरण असलेले कार्ड एका मुलाने फॉरमॅट करून कोरे केले, कारण दुसऱ्याने ते उतरवून घेतले असेल असे त्याला वाटले. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक वेगळ्या जागी, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पाठ असणे आणि कार्डाला हात लावण्यापूर्वी प्रत स्वतः उघडून पाहणे यांत जे अंतर आहे, ते सिद्धांताच्या तासाने भरून निघत नाही.

अंतिम वर्ष :
सहा मिनिटांचा हिशेब वाचला. माझ्या वाट्याला तीही आलेली नाहीत.

तीन वर्षांत पाच गट-प्रकल्प झाले. प्रत्येक गटात सहा जण होतो आणि प्रत्येक वेळी परवानगीची पत्रे, कॉल शीट (कोणी कधी कुठे यायचे याचा तक्ता) आणि शॉटची नोंद माझ्याकडे आली, कारण माझे अक्षर चांगले आहे असे सांगण्यात आले. गुण सर्वांना सारखे मिळाले. तोंडी परीक्षेत व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याचे रंग जुळवणे) म्हणजे काय असे विचारले, मी नीट उत्तर दिले. करून दाखवा असे कोणीच म्हणाले नाही. गेल्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीत माझ्यासमोर कॅमेरा ठेवला आणि ट्रायपॉडवर चढवा म्हणाले. मला ट्रायपॉडची प्लेट निघेना. मी खटका ओढत होते आणि ती हलत नव्हती. समोरच्या बाईंनी शेवटी स्वतः काढून दिली. माझ्या गुणपत्रिकेवर त्या विषयात ८१ गुण आहेत.

छायाचित्रणकार :
तुमच्याबद्दल वाईट वाटते, पण स्पष्ट सांगतो की या क्षेत्रात कॅमेरा कोणी हातात आणून देत नाही, तो मागून घ्यावा लागतो. आम्ही तासाच्या आधी अर्धा तास येऊन थांबत होतो. शिवाय सहा जणांनी आळीपाळीने चित्रीकरण केले तर फिल्मही सहा तऱ्हांची होते. निर्मितीची कागदपत्रे हेही कौशल्यच आहे, त्याला कमी लेखू नये.

अंतिम वर्ष :
मी त्याला कमी लेखलेले नाही. ते इतके मोलाचे असेल तर पाचपैकी एका तरी प्रकल्पात ते तुमच्यासारख्या कोणी का केले नाही, याचे उत्तर द्यावे. अर्धा तास आधी आम्हीही येत होतो. कॅमेरा देण्याच्या नोंदवहीत गटप्रमुखाची सही लागते आणि गटप्रमुख ज्याच्या हाती कॅमेरा देईल तोच दिवसभर तो धरतो.

माजी विद्यार्थिनी :
मी बारा वर्षांपूर्वी बाहेर पडले आणि यातला शब्दन् शब्द माझ्याही वाट्याला आला. आमच्या वर्गात एकही मुलगी प्रकाशयोजनेच्या शिडीवर चढलेली मला आठवत नाही.

छायाचित्रणकार :
प्रत्येक चर्चा मुलगा-मुलगी या वळणावर नेण्याची जी सवय लागली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. मी ज्या मुलींना शिकवले त्यांतील दोघी आज माझ्यापेक्षा चांगले काम करतात. ज्याला आच असते तो शिकतो.

मागचा बाक :
मी मुलगा आहे आणि माझी कथाही हीच आहे. आमच्या गटात कॅमेरा नेहमी एकाच मित्राकडे असे, कारण त्याच्या घरी स्वतःचा कॅमेरा होता आणि त्याला आधीपासून चालवता येत होता. ज्याला येते त्याच्याकडे द्या म्हणजे काम लवकर होईल, असा विचार आम्ही सर्वांनीच केला, सरांनीही केला. तीन वर्षांनी तो आणखी तरबेज झाला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. आच मलाही होती. 'सिद्धांतवादी' यांना म्हणूनच विचारतो की, स्टुडिओ बंद केला तर फक्त ज्यांच्या घरी साधने आहेत तेच शिकतील, हे आपल्याला मान्य आहे का?

लॅब साहाय्यक :
कपाटाला कुलूप मी लावतो, म्हणून माझेही ऐकून घ्यावे. एका वर्षी लेन्सच्या काचेवर चरा आला. तो कोणी पाडला हे कळले नाही आणि लेखी खुलासा मला द्यावा लागला. तेव्हापासून गटप्रमुखाच्या सहीशिवाय मी काही देत नाही. केबल कोपराभोवती करकचून गुंडाळून परत येतात. आतल्या तारा पिळवटून तुटतात आणि पुढच्या गटाच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. एक वेटोळे सरळ आणि पुढचे उलटे घ्यायचे, हे मी दर वर्षी दाखवतो, पण दाखवायला मिळतात पाच मिनिटे. दोन प्रयोगशाळांना मिळून मी एकटा आहे. मला आणखी एक माणूस मिळाला तर कुलूप संध्याकाळीही उघडे राहील.

ध्वनिमुद्रक :
उत्तर द्यायला उशीर केला, कारण 'अंतिम वर्ष' यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या जुन्या गुणतक्त्यांची आठवण झाली. मीही गटाला एकच गुण देत आलो आहे. फिल्म पाहायची, दोन प्रश्न विचारायचे आणि सहा नावांपुढे एकच आकडा लिहायचा. ज्या मुलाचे हेडफोनचे उदाहरण मी वर अभिमानाने दिले, त्याच्या गटातील उरलेल्या पाच जणांच्या कानाला मी हेडफोन लावले नव्हते. स्टुडिओ हवाच, हे माझे मत कायम आहे; परंतु 'सिद्धांतवादी' यांचा सहा मिनिटांचा हिशेब मी झटकून टाकणार होतो, तो आता टाकता येत नाही. पुढच्या परीक्षेत प्रत्येकाने एकट्याने कॅमेरा चढवावा, व्हाइट बॅलन्स करावा, माइक लावावा, एक मिनिट मुद्रित करावे आणि फाइल नाव घालून सुपूर्द करावी, अशी अट मी लेखी घालणार आहे. प्रत्येकी दहा मिनिटे धरली तर चाळीस जणांना जवळजवळ पावणेसात तास लागतात. मी दोन दिवस थांबेन.

सिद्धांतवादी :
'मागचा बाक' यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून 'बंद करा' हा शब्द मी मागे घेतो. त्यापलीकडे मी काही मान्य केलेले नाही. आमच्या विभागाने यंदा नव्या कॅमेऱ्यासाठी मागणी केली आहे. तिला मी बैठकीत विरोध करणार आणि त्या पैशात दुसरा साहाय्यक नेमा असे म्हणणार. माध्यम कायद्याच्या तासाला वर्ग हवा, ही मागणीही मी सोडलेली नाही.

छायाचित्रणकार :
एकट्याने करून दाखवण्याच्या परीक्षेला माझी हरकत नाही. मात्र फिल्म कोणाच्या हातून चांगली होते हे ठरवण्याचा अधिकार गटाकडेच राहिला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

लॅब साहाय्यक :
'अंतिम वर्ष' यांना सांगतो. त्या जातीच्या ट्रायपॉडवर खटक्याशेजारी एक छोटी सुरक्षा-कळ असते. ती दाबून धरून मग खटका ओढायचा, नुसता ओढून प्लेट निघत नाही. एक हात कॅमेऱ्यावर ठेवूनच हे करावे.

अंतिम वर्ष :
ती कळ मला दिसली होती. तिला हात लावला तर काही मोडेल असे वाटले.