चार दिवसांत पुणे–मालवण–पुणे, किनाऱ्याने : दुसऱ्या दिवसाचा मेळ बसत नाही, मदत हवी आहे

पाचवा गिअर (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही मित्रमंडळी शुक्रवारी पहाटे पुण्याहून दुचाकींवर निघणार, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वरला पहिला मुक्काम करणार आणि दुसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेकडेने मालवण गाठणार, असे ठरले आहे. तिसरा दिवस मालवणात घालवून चौथ्या दिवशी फोंडा घाटाने कोल्हापूर आणि तेथून पुणे. पहिल्या आणि चौथ्या दिवसाबद्दल काहीही शंका नाही. दुसऱ्या दिवसासाठी मात्र मोबाइलवरील नकाशा एकदा आठ तास दाखवतो आणि मार्ग थोडा सरकवला की अकरा तास दाखवतो, त्यामुळे गटात दोन तट पडले आहेत. हरिहरेश्वर ते मालवण एका दिवसात होते की होत नाही, एवढेच कृपया सांगावे. कोकणात काय पाहावे याची यादी आमच्याकडे आहे, ती नको. उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

घाटमाथा

कोणत्या महिन्यात जात आहात, किती गाड्या आहेत, कोणत्या आहेत आणि मागे बसणारे कोणी आहे का, हे लिहिल्याशिवाय "होते की नाही" याचे उत्तर देता येणार नाही. जो रस्ता डिसेंबरमध्ये सहा तासांत होतो, त्याला सप्टेंबरमध्ये नऊ तास लागू शकतात.

खाडीपलीकडचा

महिना कोणताही असो, माझे उत्तर "होत नाही" असेच आहे, आणि नकाशा दोन आकडे का दाखवतो तेही सांगतो. हरिहरेश्वर आणि मालवण यांच्यामध्ये किनाऱ्याने जायचे तर तीन खाड्या बोटीने ओलांडाव्या लागतात : बाणकोटची खाडी बागमांडला ते वेसवी, दाभोळची खाडी दाभोळ ते धोपावे आणि जयगडची खाडी तवसाळ ते जयगड. नकाशाने फेरीबोट टाळली की तो तुम्हाला उचलून मुंबई–गोवा महामार्गावर नेऊन सोडतो. तो आकडा कमी दिसतो, पण त्यात केळशी नाही, आंजर्ले नाही, हर्णै नाही, गुहागरही नाही. थोडक्यात, तुमच्या गटातले दोन तट दोन वेगळ्या रस्त्यांबद्दल भांडत आहेत.

खऱ्या किनारी मार्गाचे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर जाते. गावांतून, वाड्यांतून, नारळी-पोफळीच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यांवरून ताशी सरासरी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यात तीन बोटींची वाट पाहणे मिळवा आणि दिवस मोजा.

जुनी बुलेट

खाडीपलीकडचा यांच्याशी मी सहमत नाही. आम्ही तिघे हरिहरेश्वरहून पहाटे साडेपाचला निघून रात्री नऊच्या सुमारास मालवणात जेवायला बसलो होतो. दुचाकीला फेरीबोटीसाठी फारसे थांबावे लागत नाही, कारण मोटारी चढून झाल्या की उरलेल्या फटींत दुचाक्यांना जागा मिळतेच. प्रश्न इच्छाशक्तीचा आहे. क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल आणि पुढच्या-मागच्या चाकाची एकेक ट्यूब मात्र बरोबर ठेवावी. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, तिथे ट्यूबलेस टायरची पंक्चर काढण्याची पेटी उपयोगी पडत नाही, आणि हे अनेकांना जंगलात उभे राहिल्यावर कळते.

खाडीपलीकडचा

साडेपाच ते नऊ म्हणजे साडेपंधरा तास झाले. त्यातले शेवटचे दोन तास आपण काळोखात चालवले. समुद्र पाहण्यासाठी निघालेल्या माणसाने काळोखात चालवून काय पाहिले, हेही लिहावे.

जुनी बुलेट

आचऱ्याच्या पुलावरून चांदणे पाहिले. ते तुम्ही पाहिले नसावे.

दर्यावरून

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो (वाहने नेणाऱ्या बोटीची) सेवा २०२० पासून सुरू आहे आणि तिच्यात दुचाकी नेता येते. त्यामुळे पनवेल, पेण हा कंटाळवाणा भाग पूर्णपणे टळतो. तिचा विचार जरूर करावा.

पाचवा गिअर (धागाकर्ता)

दर्यावरून, आम्ही पुण्याहून निघत आहोत, हे पहिल्याच वाक्यात लिहिले आहे.

घाटमाथा, गणपती झाल्यानंतरचा दुसरा शुक्रवार. पितृपक्ष असल्यामुळे खोल्या स्वस्तात मिळाल्या. गाड्या चार, माणसे पाच. दोन बुलेट, एक हिमालयन आणि एक गाडी साधी आहे. सर्वांना चालवण्याचा सराव आहे.

घाटमाथा

"एक गाडी साधी आहे" म्हणजे नेमकी कोणती? आणि "सराव" म्हणजे शहरातला की घाटातला?

पाचवा गिअर (धागाकर्ता)

१२५ सीसीची स्कूटर आहे. तिच्यावर मित्र आणि त्याची पत्नी असतील. रोज कोथरूडहून हिंजवडीला तीच चालवतो, त्यामुळे त्याचा हात उत्तम आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

घाटमाथा

मूळ प्रश्नाचे उत्तर याच स्कूटरमध्ये आहे. गट सर्वांत संथ गाडीच्या वेगाने चालतो, हिमालयनच्या नव्हे. अशा स्कूटरची टाकी साधारण पाच-सहा लिटरची असते. दोन माणसे आणि सामान घेऊन घाटात ती किती जाईल याचा हिशेब तुम्हीच करा आणि लक्षात ठेवा की किनाऱ्याच्या रस्त्यावर काही पट्ट्यांत बराच वेळ पेट्रोल पंप लागत नाही. अर्धी टाकी झाली आणि पंप दिसला की भरून घ्यावे, हा नियम करा.

त्याहून महत्त्वाची बाब उताराची आहे. बुलेट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली की घाट उतरताना इंजिनच तिला मागे धरून ठेवते आणि ब्रेकवर भार कमी येतो. स्कूटरला तशी सोय नाही. वेग कमी होऊन इंजिनाचे फेरे उतरले की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी होते, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल आणि तो सलग दाबून ठेवला, तर तापून त्याची पकड कमी होते. ताम्हिणीचा उतार एका दमात उतरू नका. दोन्ही ब्रेक मिळून, दाबत आणि सोडत वापरायला सांगा आणि मध्ये दोनदा थांबून ब्रेक थंड होऊ द्या. कोथरूड ते हिंजवडी या रस्त्यावर याचा सराव होत नाही.

आडवाट

महिन्याबद्दलही सांगितले पाहिजे. पितृपक्षात पाऊस संपलेला नसतो. सकाळी लख्ख ऊन असते आणि दुपारनंतर परतीचा पाऊस गडगडाटासह येतो. सावलीतल्या वळणांवर शेवाळ असते आणि जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर आलेली असते. ती ओली झाली की दुचाकीला डांबरापेक्षा फार कमी पकड मिळते. समुद्र खवळलेला असेल तर फेरीबोट बंदही ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी तिन्ही ठिकाणी चौकशी करावी. बोटीवर चढण्याच्या उतारावर ओहोटीच्या वेळी चिखल आणि शेवाळ असते, तिथे मागे बसलेल्या व्यक्तीला उतरवूनच गाडी चढवावी. आमच्यातला एक जण वेसवीला जंगलजेट्टीत (फेरीबोटीत) चढताना तिथेच आडवा झाला होता. लागले नाही, पण सायलेन्सरने पोटरी भाजली.

खाडीपलीकडचा

अवांतर आहे, पण माझी आजी या बोटीला "तर" म्हणत असे. "तरीवर जाऊन येते" म्हणजे पलीकडच्या गावी जाऊन येते. आता लहान पोरेसुद्धा जंगलजेट्टी म्हणतात. किनाऱ्यावर ना जंगल, ना जेट्टी, तरीही हा शब्द कसा रुजला, याचे मला नेहमी नवल वाटते.

जुनी बुलेट

धागाकर्त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय घ्यायचा आहे. शब्दांसाठी वेगळा धागा काढावा.

आडवाट

मग निर्णयाचेच बोलू. मालवण सोडून द्या. हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशी गुहागर, तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे आणि चौथ्या दिवशी आंबा घाटाने वर, असे केले तर तिन्ही फेरीबोटी होतील आणि रोजचे अंतर स्कूटरला झेपेल. मालवण पुढच्या वर्षी कुठे जात नाही.

पाचवा गिअर (धागाकर्ता)

मालवण सोडता येणार नाही. शनिवारच्या रात्रीसाठी तिथल्या घरगुती निवासाचे सर्व पैसे आगाऊ भरले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. हरिहरेश्वरचे आरक्षण अजून केलेले नाही. शिवाय मंगळवारी सकाळी दोघांना कामावर हजर व्हायचे आहे, त्यामुळे सोमवारी रात्री घरी पोहोचणे आवश्यक आहे.

घाटमाथा

ही माहिती पहिल्या परिच्छेदात असती तर वरचे निम्मे प्रतिसाद लिहावे लागले नसते. असो, आता उत्तर सोपे झाले. जी गोष्ट हलवता येत नाही ती मालवणची शनिवार रात्र आहे, तर प्रवास तिच्याभोवती बांधा आणि दिशा उलटी करा.

शुक्रवारी पुण्याहून महामार्गाने कोल्हापूर आणि तेथून गगनबावडा, तिथे मुक्काम. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे आणि पुढे गगनबावडा सुमारे ५५. शनिवारी सकाळी उजेडात करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल करत दुपारच्या जेवणाला मालवण. हा दिवस जेमतेम शंभर किलोमीटरचा आहे, त्यामुळे धुके असले तरी घाई नाही. समुद्र शांत असेल आणि होड्या सुटत असतील तर त्याच दुपारी सिंधुदुर्ग किल्लाही होईल. रविवारी मालवणहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघा : आचरा, कुणकेश्वर, देवगड, जैतापूर, कशेळी, पूर्णगड, पावस, रत्नागिरी आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. मालवणपासून जयगडपर्यंतच्या सर्व खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे या दिवशी बोटीचे वेळापत्रक डोक्यावर नसते. सोमवारी आंबा घाटाने चढण.

उत्तरेकडे जाण्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. जिथे थांबावेसे वाटेल तिथे गाडी सरळ कडेला घेता येते. दक्षिणेकडे जाताना प्रत्येक वेळी वळणावर समोरून येणारी वाहने चुकवत रस्ता ओलांडावा लागतो आणि चार गाड्यांच्या गटात नेमका तिथेच घोटाळा होतो. घाटांचेही तसेच आहे. पश्चिमेकडचा घाट दुपारनंतर उतरताना सूर्य डोळ्यांवर येतो. या आखणीत तुम्ही सकाळी उतरता आणि नंतर चढता, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो.

जुनी बुलेट

पुणे–कोल्हापूर महामार्गावर लादलेली स्कूटर चालवायला सांगणे मला पटत नाही. ट्रक आणि बसच्या हेलकाव्याने ती हलते. शिवाय महामार्गच पाहायचा तर दुचाकी कशाला, बसने जावे.

घाटमाथा

आपला आक्षेप रास्त आहे, पण स्कूटर चौथ्या दिवशी याच महामार्गावरून परत येणार आहे, तेही थकून. ती वेळ पहिल्या दिवशी ताज्या अंगाने पार पाडलेली बरी, असे मला वाटते. पहाटे पाचला निघून दर तासाने थांबले तर दुपारपर्यंत कोल्हापूर होते. किंवा मागे बसणाऱ्या वहिनींना बुलेटवर बसवा, तिथे जागाही अधिक आहे आणि वजनही सहज पेलते.

खाडीपलीकडचा

सगळे मान्य, पण एकही खाडी बोटीने ओलांडली नाही तर किनाऱ्याने गेलो असे म्हणू नये. सोमवारी गणपतीपुळ्याहून आंबा घाटाने न जाता लवकर निघून जयगड गाठा, बोटीने तवसाळला उतरा, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करत चिपळूणला या आणि कुंभार्ली घाटाने कोयनानगर, पाटण, उंब्रजवरून महामार्गाला लागा. एकूण सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर होतील. पहिली बोट मिळाली तरच हे करा. ती हुकली किंवा बंद असली तर मागे वळून आंबा घाट धरा आणि हळहळू नका.

आडवाट

मूळ बेतात फोंडा घाट होता, म्हणून एक सांगते. कोणत्याही कारणाने त्या बाजूने यावेच लागले तर दाजीपूर-राधानगरीचा पट्टा सूर्यास्तापूर्वी पार करावा. ते गव्यांचे जंगल आहे. संध्याकाळी वळणावर रस्त्याच्या मध्यभागी गवा उभा असतो, तो भोंग्याला जुमानत नाही आणि दिवा डोळ्यांवर मारलेला त्याला आवडत नाही. इंजिन चालू ठेवून लांबच थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे.

उंच भरारी

एवढे मित्र जमले आहेत तर लेह-लडाख का करत नाही? जून ते सप्टेंबर हा उत्तम काळ आहे.

पाचवा गिअर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रात्री सगळ्यांशी बोललो. दिशा उलटी करण्यावर एकमत झाले, गगनबावड्याला दोन खोल्या मिळाल्या आणि हरिहरेश्वर पुढच्या खेपेला ठेवले. स्कूटरवाला मित्र आधी रागावला होता, कारण त्याला वाटले की हा धागा त्याच्यावरच काढला आहे. वहिनी बुलेटवर बसायला लगेच तयार झाल्या आणि आता स्कूटरवर फक्त तो आणि दोन बॅगा असतील. सोमवारी जयगडला सकाळी बोट मिळाली तर कुंभार्ली, नाहीतर आंबा घाट.

एक प्रश्न उरला आहे. हिमालयनच्या आणि बुलेटच्या चाकांच्या मापांत फरक आहे, तर जुनी बुलेट यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक चाकासाठी वेगळी ट्यूब घ्यायची म्हटले तर सहा ट्यूब होतात. एवढ्या बाळगाव्या लागतील का?

जुनी बुलेट

सहा कशाला? दोन्ही बुलेट एकाच प्रकारच्या असतील तर त्यांच्यासाठी एक पुढची आणि एक मागची पुरते. हिमालयनच्या पुढच्या चाकाचे माप मोठे असते, ती ट्यूब कोकणातल्या छोट्या दुकानात मिळणे कठीण, म्हणून ती अवश्य घ्या. मागची गावोगावी मिळण्याची शक्यता अधिक असते. आपल्या बुलेट कोणत्या वर्षाच्या आहेत आणि चाके तारांची आहेत की अलॉयची, हे आपण अजूनही लिहिलेले नाही.