विषय: वादळाच्या दिवसांसाठी टिकाऊ खाऊ – काय ठेवता?

स्वाती, केटी:

नमस्कार मंडळी,

१ जूनला चक्रीवादळांचा मोसम सुरू होतोय. बेरिल चक्रीवादळाच्या वेळी (८ जुलै २०२४) आपल्या टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. वादळ पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कमी जोराच्या श्रेणीचंच होतं, तरी काही भागांत आठवडाभर दिवे आले नाहीत. यंदा सासू-सासरे पुण्याहून आले आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, सासूबाईंना बीपी. मुलं दोन आणि सात वर्षांची. शेगडी विजेची. दुकानातले ग्रॅनोला बार आणून ठेवते, पण घरात कोणी हात लावत नाही. आपल्या खाण्यातलं, न शिजवता चालेल असं काय ठेवता?

मीना, शुगर लँड:

स्वाती, चांगला विषय काढलास.

आधी काय नको ते सांगते. तळलेला चिवडा, शेव, चकल्या या साठ्यात ठेवू नकोस. दिवाळीत त्या पंधरा दिवसांत फस्त होतात म्हणून चालतात. इथल्या उन्हात गराजमध्ये ठेवल्या तर बघता बघता खवट होतात. शिवाय मीठ भरपूर, आणि पाणी पुरवून प्यायच्या दिवसांत तहान वाढवणारं खाणं कशाला?

न तळलेलं, नुसतं भाजलेलं आपल्याकडे कितीतरी आहे: फुटाणे, डाळं, भाजके पोहे, चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचे लाडू. फुटाण्यांत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे ते नुसतं तोंडात टाकायचं खाणं नाही, जेवणाच्या जागी चालतं. शेंगदाणेही चांगले, पण त्यांत तेल जास्त, म्हणून थोडेच आणायचे आणि लवकर संपवायचे.

पण मला विचारशील तर सगळ्यांत वर सातूचं पीठ. दोन वाट्या गव्हाला एक वाटी डाळं हे माझं प्रमाण. गहू मंद आचेवर चांगला तडतडेपर्यंत भाजायचा, डाळं नुसतं गरम करायचं, जिरं, सुंठ, वेलची घालून दळायचं. पीठ पूर्ण गार झाल्यावर चिमटीत दाबून बघ. ते सुटं, कोरडं राहिलं पाहिजे. चिकटलं किंवा गुठळी झाली तर पुन्हा परतायचं, ओल राहिलेलं पीठ टिकत नाही. धान्य आधीच भाजलेलं असल्यामुळे खाताना आच लागत नाही. वाटीभर पिठात गुळाचा चुरा आणि गार पाणी घातलं की मुलांचं पोट भरतं. सासऱ्यांना गुळाऐवजी लिंबू, जिरेपूड आणि चवीपुरतं मीठ.

कालवायला पाणी मात्र बाटलीतलंच घे. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत शहराने पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं आणि उकळायला कित्येकांकडे वीज नव्हती. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे साधारण पावणेचार लिटर धर, आणि खाऊच्या आधी पाण्याचा हिशोब कर.

आणखी एक, हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते. वादळासाठी म्हणून वेगळा डबा भरून माळ्यावर टाकू नका. मुलांच्या चार वाजताच्या खाण्यात हेच असू दे. पुढचं संपवायचं, नवं मागे लावायचं, झाकणावर तारीख घालायची. मुलांनी आधी कधी चाखलेलं नसलेलं खाणं ती अंधारात, उकाड्यात घाबरलेली असताना खात नाहीत.

विनायककाका, पेअरलंड:

मीनाताई, भाजणी चालेल का? आमच्याकडे नेहमी असते. आणि आमच्याकडे कॅम्पिंगची छोटी गॅसची शेगडी आहे.

मीना, शुगर लँड:

काका, थालीपिठाच्या भाजणीला शिजवावंच लागतं, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. आणि ती शेगडी फक्त अंगणात, मोकळ्या हवेत पेटवा. घरात नाही, गराजमध्येही नाही, अगदी दार उघडं असलं तरी नाही. २०२१मध्ये ऊब मिळावी म्हणून लोकांनी घरात कोळसा पेटवला, गराजमध्ये गाडी चालू ठेवली आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली.

धनश्री, वुडलँड्स:

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडी भर घालते.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे फुटाणे, शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. स्वाती, धाकट्यासाठी त्यांचं कूट करून लाडू वळ. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. बाळ वरच्या दुधावर असेल तर पाणी न घालता थेट देता येणारं, तयार फॉर्म्युला मिळतं. ते थोडं ठेवाच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांची साखर जेवण चुकलं की खाली जाऊ शकते. सत्तरच्या खाली गेली तर अर्धा कप फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या गोळ्या द्यायच्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तेव्हा चिक्की किंवा लाडू उपयोगाचा नाही, दाण्यांतल्या आणि तुपातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश चढते. रसाचे छोटे खोके वेगळे ठेवा आणि कुठे ठेवलेत ते घरात सगळ्यांना सांगा. सासूबाईंसाठी बिनमिठाचे फुटाणे आण. डब्यातला राजमा किंवा छोले घेणार असशील तर कमी मिठाचे बघ, आणि कडी ओढून उघडणारे घे.

वीज गेल्या गेल्या मात्र साठ्याला हात लावू नका. बंद ठेवलेला फ्रिज चार तास गार राहतो, त्यातलं दही, फळं, पोळ्या आधी संपवा.

स्वाती, केटी:

मीनाताई, धनश्री, मनापासून आभार. शनिवारी गहू भाजायला घेते, सासूबाईही उत्साहात आहेत. ज्यांच्याकडे दळायची सोय नाही त्यांनी इथेच कळवा, आमच्याकडे घरघंटी आहे. धान्य भाजून, पूर्ण गार करून आणा.